एमसीबी पाडला तरी मीटर ७२ व्होल्ट दाखवतो: लाईन बंद झाली हे नक्की कसं ठरवायचं?

मानेवाडा_वरचा_मजला

नमस्कार मंडळी. घर नागपुरात मानेवाडा रोडकडे, खाली-वर दोन मजले, दोन्हींचे वीजमीटर वेगळे. वरच्या मजल्याचं वायरिंग वीसेक वर्षांचं, भिंतीतल्या पीव्हीसी पाइपातून गेलेलं, सिंगल फेज. हॉलचा जुना सनमायकाचा बोर्ड काढून मॉड्युलर बसवायचा आहे आणि खिडकीजवळ कूलरसाठी १६ अँपिअरचा पॉइंट हवा आहे. नवी वायर ओढायला वायरमन येणारच आहे, स्विच-सॉकेट बदलणं मी करीन म्हणतो. पण बोर्ड उघडल्यावर डोकं चक्रावलं.

हॉलचा एमसीबी (डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य स्विच बॉक्समध्ये, त्या लाईनचा आपोआप पडणारा स्विच) खाली केला. पंखा, लाइट बंद झाले. तरी आत आलेल्या हॉलच्या फेज वायरवर मल्टिमीटर असं दाखवून राहिला:

फेज-न्यूट्रल ७२, फेज-अर्थ ७४, न्यूट्रल-अर्थ २.

टेस्टर अगदी मिणमिणतो, सावली करून पाहिलं तर दिसतो. त्याच बॉक्समध्ये दुसरी एक लाल वायर आहे, तिच्यावर सरळ २३१ व्होल्ट. मग डीबीतला मेन (डबल पोल, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) पाडला. पहिल्या वायरवर ७२ चे ६५ झाले, म्हणजे गेलेच नाहीत! दुसरी लाल वायर जिवंतच. आणि न्यूट्रल-अर्थ जे २ होतं ते १०४ झालं. हे तर उलटंच.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे. मीटर साधा पिवळा, एसीच्या २०० आणि ७५० अशा दोन रेंज असलेला. न टेकवता वाजणारा पेनही आहे, तो बॉक्सजवळ नेला की सगळीकडेच वाजतो. ७२ व्होल्टची वायर मेलेली समजायची की नाही? आणि या तीन हत्यारांपैकी खरं कोण बोलतं?

डीबीवाला

भाऊ, आकडे नीट लिहिलेत त्यामुळे अर्धं काम झालं. तुमच्या बॉक्समध्ये बहुतेक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एकेक सोडवू.

लाल वायर २३१ वाली: ती इन्व्हर्टरची फेज. आपल्याकडे घरात इन्व्हर्टर बसवताना त्याची एक वेगळी फेज पंखे-लाइटपर्यंत नेतात आणि न्यूट्रल मात्र जुनाच वापरतात. हॉलच्या एमसीबीशी तिचा संबंध नाही. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, तो बॅटरीवर चालू होतो आणि तीच वायर पुन्हा जिवंत. म्हणून "मेन पाडला म्हणजे घर मेलं" हे इन्व्हर्टर असलेल्या घरात खरं नाही.

७२ वाली वायर: ही बहुतेक नुसती भासाची आहे. एमसीबी पाडल्यावर ती दोन्ही टोकांना मोकळी लोंबकळते आणि पाइपात इन्व्हर्टरच्या जिवंत वायरीला चिकटून काही मीटर धावते. दोन वायरींमध्ये छोटा कपॅसिटर तयार होतो. डिजिटल मीटरचा आतला रोध दहा लाख ते एक कोटी ओहम असतो, तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे हे फुकटचं व्होल्टेज टिकून राहतं आणि मीटरवर उमटतं. मेन पाडल्यावरही ते गेलं नाही, कारण शेजारची इन्व्हर्टरची वायर जिवंतच राहिली. ६५ हा फरक इन्व्हर्टरच्या आउटपुटमुळे. तो स्क्वेअर वेव्ह (मेनसारखी गोल नाही, चौकोनी लहर) असेल तर साधा मीटर तसाही चुकीचाच आकडा देतो.

"बहुतेक" असं दोनदा लिहिलं आहे ते मुद्दाम. भास आहे की कुठल्या तरी खराब जॉइंटमधून, एखाद्या लोडमधून खरी लाईन झिरपते आहे, हे ७२ या आकड्यावरून कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी त्या वायरीवर लोड टाकावं लागतं.

१५ किंवा २५ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब घ्या. एलईडी अजिबात नको, तो भासाच्या व्होल्टेजवरही लुकलुकतो. बंद बॅकेलाइट होल्डर, दोन चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी, टोकांना नीट प्रोब. उघडी सोललेली तार हातात धरायची नाही. बल्ब फेज-न्यूट्रलमध्ये लावा आणि त्याच दोन टोकांवर मीटरही ठेवा.

बल्ब पेटला, मीटर २३० च्या आसपास: जिवंत.
बल्ब विझलेला, आकडा धाडकन शून्य-एकवर आला: भास होता.
बल्ब लालसर, आकडा मधेच कुठेतरी: खरी गळती. काम थांबवा, कुठून येते ते आधी शोधा.

हा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावू नका. २५ वॉटचा बल्ब साधारण १०९ मिलिअँपिअर ओढतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) असेल तर लगेच पडेल. आणि आरसीसीबी नसेल, अर्थिंग मे महिन्यात कोरडं पडलेलं असेल, तर जिवंत वायरीचं व्होल्टेज बल्बातून अर्थवर चढून फ्रीज-कूलरच्या पत्र्यापर्यंत जाऊ शकतं. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थपिटला पाणी घातलेलं नसतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता १०४ चं कोडं. हे तिन्हीत महत्त्वाचं. न्यूट्रल शून्यावर असतो तो ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला बांधलेला असतो म्हणून. डबल पोल मेन पाडला की तुमच्या घराचा न्यूट्रल त्या बांधणीपासून सुटतो. इन्व्हर्टर मात्र फेज आणि न्यूट्रलमध्ये त्याचं व्होल्टेज देतच राहतो. मग दोन्ही वायरी जमिनीच्या हिशेबाने तरंगतात आणि व्होल्टेज जवळपास अर्धं-अर्धं वाटून घेतात. त्या स्थितीत काळी वायर काळी आहे म्हणून बिनधास्त धरता येत नाही. वर आरसीसीबीवरही भरवसा नाही, कारण गळतीच्या करंटला परत जायला जमिनीतून वाटच उरलेली नसते.

आणखी एक करा. बोर्डातली कुठलीही न्यूट्रल सोडवण्याआधी, मेन चालू आणि हॉलचा एमसीबी बंद ठेवून, बॉक्समध्ये येणाऱ्या एकट्या न्यूट्रलवर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. आकडा सांगा. शेजाऱ्यांकडून, वायरमनकडून आणा, पण लावा.

जुनी_गिट्टी

एवढं पुराण कशाले? टेस्टर लावा, पेटला तर लाईन आहे, नाही पेटला तर नाही. लाकडी स्टुलावर उभं राहा, पायात रबरी चप्पल. सगळ्या नागपूरचे वायरमन असंच करून राहिले.

डीबीवाला

जी, टेस्टर वाईट नाही, पण तो "आहे" सांगायला चांगला आणि "नाही" सांगायला वाईट. आणि तुम्ही सांगितलेली स्टूल-चप्पल हीच त्याला आंधळं करते.

टेस्टरच्या आत निऑनचा छोटा दिवा आणि सुमारे दहा लाख ओहमचा रेझिस्टर. करंट टोकातून, रेझिस्टरमधून, निऑनमधून, तुमच्या बोटातून आणि शरीरातून जमिनीकडे जातो तेव्हा तो पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे राहिलात तर वाट जवळपास तुटते. लाईन पुरी २३० असूनही दिवा इतका मंद की दिसत नाही. बोटाला घट्टे असले, तरी तेच. गच्चीवर दुपारच्या उन्हात तर पेटलेला निऑनही दिसत नाही. आणि निऑन फुटलेला, रेझिस्टर गेलेला टेस्टर सगळ्याच वायरी मेलेल्या सांगतो, तेवढ्याच आत्मविश्वासाने.

न्यूट्रल तुटलेला असेल तर टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो. नवखा माणूस म्हणतो "दोन फेज आल्या".

याचा अर्थ अनवाणी उभं राहून टेस्टर लावा असा नाही! चप्पल घालाच. पण मग निकाल टेस्टरवर सोडू नका.

पेनचं सांगायचं तर तो वायरीभोवतीचं विद्युत क्षेत्र हुंगतो. शेजारची वायर जिवंत असली तरी वाजतो, म्हणून तुमच्या बॉक्सवर सगळीकडे वाजला. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत वायरी लोखंडी पाइपातून असतात, तिथे पाइप क्षेत्र अडवतो आणि आत २३० असूनही पेन गप्प. डीसी त्याला कळतच नाही. भिंत फोडण्याआधी अंदाज घ्यायला ठीक. हात घालायची परवानगी तो देऊ शकत नाही.

मानेवाडा_वरचा_मजला

बल्ब लावला, २५ वॉटचा. पेटला नाही, मीटर ७२ वरून ० झाला. बल्ब काढला की परत ७२. म्हणजे भास.

क्लॅम्प मिळाला. हॉलचा एमसीबी बंद, तरी हॉलच्या न्यूट्रलवर ०.६४ अँपिअर. आतल्या दोन खोल्यांत पंखे सुरू होते.

डीबीवाला

हेच बघायचं होतं. ०.६४ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर साधारण १४७ व्होल्ट-अँपिअर, ७५ वॉटच्या दोन जुन्या पंख्यांएवढा. आतल्या दोन पंख्यांना फेज इन्व्हर्टरच्या लाल वायरीने जाते आणि परतीचा करंट हॉलच्या न्यूट्रलने येतो. उसना न्यूट्रल.

आता विचार करा. फेज-न्यूट्रल शून्य, न्यूट्रल-अर्थ २. सगळं सुरक्षित दिसतं. तुम्ही बोर्डातला न्यूट्रलचा जॉइंट सोडवता. डीबीकडचं टोक शून्यावरच राहतं, पण पंख्याकडून आलेलं टोक पंख्याच्या वाइंडिंगमधून थेट २३० वर चढतं. एका हातात एक टोक, दुसऱ्यात दुसरं, म्हणजे पंख्याच्या जागी तुम्ही सर्किट पुरं करता, छातीतून. न्यूट्रल सोडवण्याआधी मोजलेलं व्होल्टेज न्यूट्रल सोडवल्यानंतर खरं राहत नाही, म्हणून क्लॅम्प.

(क्लॅम्पचं एक: दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर शून्यच दिसेल, नेहमी एकच. आकडा ०.१ च्या खाली असेल तर वायरीचे दोन वेढे क्लॅम्पमध्ये घ्या आणि येईल त्याचं अर्धं करा.)

तर तुमच्या घरात बंद करायचा क्रम असा ठेवा. आधी सगळे पंखे-लाइट बटणाने बंद, म्हणजे काहीही लोडवर तुटणार नाही. मग इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद. इथे लोक थांबतात आणि फसतात: बहुतेक घरगुती इन्व्हर्टर बटण बंद केलं तरी मेनची लाईन आरपार सोडतात, फक्त बॅटरीवर जात नाहीत. म्हणून पाठोपाठ इन्व्हर्टरचा इनपुटचा टॉप (प्लग) सॉकेटमधून ओढून काढायचा आणि डोळ्यांसमोर ठेवायचा. बायपासचं वेगळं चेंजओव्हर बटण बसवलेलं असेल तर तेही बघा, त्यातून मेन थेट लाल वायरीवर जाते. मग सोलरच्या एसी बॉक्सातला एमसीबी. शेवटी मेन.

मग मोजा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि लाल वायर वेगळी धरून तिचीही न्यूट्रलशी आणि अर्थशी. बॉक्समध्ये येणाऱ्या प्रत्येक वायरीला हा नियम. रंगावर विश्वास नको, वीस वर्षांत कोणी हिरवी वायर स्विचचा फेज म्हणून वापरली असेल तर नवल नाही.

मोजण्याआधी आणि मोजून झाल्यावर मीटर माहीत असलेल्या जिवंत लाईनवर लावून बघायचा. आधी २३०, मग तुमच्या वायरींवर शून्य, मग परत २३०. मधल्या शून्याला या दोन २३० शिवाय किंमत नाही. प्रोबची वायर आतून तुटते, बॅटरी उतरते, बटण डीसीवर सरकतं, आणि या सगळ्यांचा निकाल "०" असाच दिसतो. मेन पाडल्यावर जिवंत लाईन कुठून आणायची? तुमचे वीजमीटर वेगळे आहेत, खालच्या मजल्यावरून एक्स्टेन्शन वर घ्या. संगणकाचा यूपीएस असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या त्याच्या आउटपुट सॉकेटवरही चालेल, फक्त त्याचा टॉप भिंतीतून काढलेला असू द्या. ९ व्होल्टच्या सेलवर तपासू नका, त्याने डीसीची रेंज चालते एवढंच कळतं, एसीची नाही.

तुमच्या पिवळ्या मीटरबद्दल: बटण ७५० वर ठेवा. २०० च्या रेंजवर २३० लावलं तर डावीकडे नुसता "१" येतो आणि घाईत तो एक व्होल्ट वाचला जातो. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला असेल तर लाईनवर टेकवताच सरळ शॉर्ट. आणि जमलं तर अंगावर कॅट थ्री ६०० व्होल्ट (सुरक्षेचा दर्जा) लिहिलेला, कमी रोधाची रेंज असलेला मीटर घ्या, मग बल्बाची गरज नाही. प्रोबच्या टोकावर ४ मिलिमीटरपेक्षा जास्त धातू उघडा नको, असेल तर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. गर्दीच्या बॉक्समध्ये लांब टोक दोन स्क्रूंना एकदम टेकतं.

छतावरचं_ऊन

सोलरबद्दल थोडं, कारण पीएम सूर्यघर योजनेनंतर नागपुरात पॅनेलं सगळीकडे झाली आहेत आणि त्यांच्या डीसी बाजूबद्दल घरात कोणालाच माहिती नसते.

ग्रिडला (महावितरणच्या लाईनला) जोडलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेला की २ सेकंदांच्या आत थांबला पाहिजे, त्याची तशी चाचणी असते. त्यामुळे तुमचा मेन पाडला की तो आपोआप गप्प होतो. तरी एसी बॉक्सातला एमसीबी हाताने पाडायचाच. एकतर तो कुठे जोडलाय, मेनच्या आधी की नंतर, हे बघितल्याशिवाय कळत नाही. मीटर आणि मेनच्या मध्ये जोडलेला असेल तर तुमचा मेन पाडून त्याला काही फरक पडत नाही, तो ग्रिडला देतच राहतो. हायब्रिड असेल, बॅटरी असलेला, तर त्याचं बॅकअप आउटपुट मेन पाडल्यावरही चालू राहणारच, त्यासाठीच ते असतं.

गच्चीवरून खाली येणाऱ्या लाल-काळ्या डीसी वायरी मात्र दिवसा कधीच मरत नाहीत. ३ किलोवॅटला साधारण सहा-सात पॅनेलं एका माळेत, प्रत्येकी उघड्या टोकांना ४५ ते ५० व्होल्ट, म्हणजे ३०० च्या आसपास डीसी. इन्व्हर्टर बंद, ग्रिड बंद, तरी तेवढेच. डीसी आयसोलेटर (डीसी तोडणारा स्विच) फिरवला की इन्व्हर्टरकडची बाजू तुटते, पॅनेलकडची नाही. पॅनेलच्या वायरींचे कनेक्टर लोडवर ओढू नका, डीसीची ठिणगी एसीसारखी दर अर्ध्या चक्राला शून्यावर येऊन विझत नाही, ताणली जाते आणि कनेक्टर वितळतो. डीसी आयसोलेटर फिरवल्यावरही इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरलेले असतात. झाकणावर लिहिलेला वेळ थांबा, सहसा ५ मिनिटं किंवा जास्त, मग डीसी रेंजवर मोजा. तुमच्या कामाला या वायरींना हात लावायची गरजच नाही, बॉक्स बंदच राहू द्या.

आणि घरच्या बॅटरी इन्व्हर्टरच्या आउटपुटवर सोलरची एसी लाईन जोडलेली नाही ना, हे वायरमनकडून बघून घ्या. सोलर त्याच्याशी जुळून उलटी वीज ढकलतो, मग इन्व्हर्टर जळतो किंवा बॅटरी उकळते.

बुटीबोरी_शिफ्ट

डीबीवाला यांनी घराचं सगळं लिहिलं. बाजूच्या गाळ्यात, पिठाच्या चक्कीवर, शेतातल्या पंपावर थ्री फेज असतं, त्यांच्यासाठी जोडतो.

थ्री फेजला (आर, वाय, बी या तीन फेज) दहा मोजमापं: आर-वाय, वाय-बी, बी-आर, मग तिन्ही न्यूट्रलशी, तिन्ही अर्थशी, शेवटी न्यूट्रल-अर्थ. बरेच जण पहिली तीन घेऊन शून्य बघतात आणि झाकण उघडतात. कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधल्या चुंबकाने लागणाऱ्या स्विचचा) एक पोल चिकटला आहे असं समजा. आर जिवंत राहते. मोटर जोडलेलीच असते, त्यामुळे तिच्या वाइंडिंगमधून तीच आर वाय आणि बी च्या टर्मिनलवर येते. तिन्ही टर्मिनल एकाच व्होल्टेजवर, म्हणून आपापसात शून्य. अर्थशी मात्र प्रत्येक २४०. हे फक्त न्यूट्रल किंवा अर्थशी मोजल्यावरच दिसतं.

फेज-फेजमध्ये एकच २३० चा टेस्ट बल्ब लावला तर ४१५ ने तो हातातच फुटतो. सारख्या वॉटचे दोन बल्ब सिरीजमध्ये.

स्टार्टरचं लाल बटण म्हणजे आयसोलेशन नव्हे. फ्लोट स्विच, टायमर, मोबाइलवरून चालू होणारा ऑटो-स्टार्टर यापैकी काहीही त्याला परत उचलू शकतं. शेतातल्या पंपावर तर लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणूनच ते बसवतात. मेन स्विच उघडा आणि किटकॅट फ्यूज काढून खिशात घाला. तिन्ही. खिशातली किटकॅट हे सगळ्यात स्वस्त कुलूप. एमसीबी असेल तर त्यावर बसणारी लॉकची क्लिप मिळते, छोटं कुलूप लावा, चावी ज्याचा हात आत आहे त्याच्याकडेच. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. घरात क्लिप नसेल तर एमसीबीच्या दट्ट्यावर टेप आणि डीबीच्या दाराला कुलूप. मे महिन्यात कूलर थांबला की घरातला कोणी ना कोणी सरळ डीबीकडे धावतो आणि विचारायच्या आत दट्टा वर करतो.

कपॅसिटर: पंख्याचा अडीच-तीन मायक्रोफॅरॅड, त्याने झटका बसतो, स्टुलावरून पडायला तेवढा पुरतो. एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरचा ३५ ते ५० चा मात्र जपून. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून फोडू नका, २० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने पाच-दहा सेकंद लावा आणि मोजा. मोटरला ड्राइव्ह (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर ४१५ वर आतला डीसी बस ५८७ व्होल्टच्या आसपास असतो. दिवा विझला म्हणजे रिकामा झाला असं नाही. लेबलवरचा वेळ थांबून प्लस-मायनस टर्मिनलवर डीसी मोजा.

जुनी_गिट्टी

किटकॅट खिशात, हे मात्र पटलं. आम्हीही तेच करतो.

उसन्या न्यूट्रलचंही खरं आहे. मेन पाडून न्यूट्रल सोडताना झटका बसला की लोक म्हणतात "अर्थिंग रिटर्न मारते". खरं तर ते इन्व्हर्टर असते.

मानेवाडा_वरचा_मजला

तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं. खालून एक्स्टेन्शन आणलं, त्यावर २३३. मग हॉलचा बॉक्स: फेज-न्यूट्रल ०, फेज-अर्थ ०, न्यूट्रल-अर्थ ०, लाल-न्यूट्रल ०, लाल-अर्थ ०. परत एक्स्टेन्शनवर २३३. पेनही गप्प झाला. भासाचे ७२ आता बल्ब न लावताच गेले.

दोन प्रश्न. एक, न्यूट्रल सोडवताना तिचं टोक चुकून अर्थच्या वायरीला लागलं तर? मेन बंद असल्याने काहीच झालं नाही, पण एरवी फक्त हॉलचा एमसीबी बंद असताना असं झालं की आरसीसीबी पडतो, हे का? दोन, त्या उसन्या न्यूट्रलचं काय करू?

डीबीवाला

एक: सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. हॉलचा न्यूट्रल डीबीत पट्टीवर जोडलेलाच असतो. त्याला अर्थ लागला की बाकीच्या घराच्या लोडचा थोडा करंट न्यूट्रलऐवजी अर्थमधून परतायला लागतो, आरसीसीबीला येणारा-जाणारा हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. त्याने बरोबरच केलं. पण आरसीसीबी पडला म्हणून लाईन मेली, किंवा त्याचं टेस्ट बटण चाललं म्हणून लाईन मेली, असं समजू नका.

याच सिंगल पोलमुळे आणखी एक धोका: मीटरच्या किंवा खांबाच्या कामात फेज-न्यूट्रल उलट झाले, तर तुमचे सगळे एमसीबी न्यूट्रल तोडतात आणि फेज सरळ बोर्डापर्यंत येत राहते. पंखा बंद होतो, सगळं मेल्यासारखं दिसतं. फेज-न्यूट्रल मोजलं तर तुटलेल्या वायरीमुळे भासाचाच आकडा दिसतो, पण "न्यूट्रल"-अर्थ २३० दिसतं. म्हणून तिसरं मोजमाप कधी गाळू नका. तसं दिसलं तर १९१२ वर महावितरणला कळवा. मीटर बॉक्सचं सील स्वतः तोडू नका, मीटरच्या टर्मिनलला तुमच्या घरातलं कुठलंही बटण मारू शकत नाही.

दोन: वायरमन येणारच आहे तर इन्व्हर्टरच्या आउटपुटपासून आतल्या खोल्यांपर्यंत फेजसोबत तिचा स्वतःचा न्यूट्रल ओढून घ्या, दीड चौरस मिलिमीटर पुरे, आणि तो हॉलच्या न्यूट्रलमध्ये कुठेही मिसळू देऊ नका. झाल्यावर परत क्लॅम्प लावा: हॉलचा एमसीबी बंद, आतले पंखे सुरू, हॉलच्या न्यूट्रलवर ०.०० यायला हवं. बोर्डातल्या लाल वायरीवर "इन्व्हर्टर" अशी फेरूल (वायरीवर चढवायची नावाची नळी) किंवा टेपची चिठ्ठी लावा, आणि डीबीच्या दारावर आतून बंद करायचा क्रम लिहून चिकटवा. पुढचा वायरमन हा धागा वाचून येणार नाही.

आणि हो, कूलरला १६ अँपिअर कशाला? मोठा डेझर्ट कूलर पंप धरून दीडशे ते अडीचशे वॉट घेतो, जेमतेम एक अँपिअर. ६ अँपिअरचा थ्री-पिन भरपूर झाला. १६ अँपिअरच्या सॉकेटला लोक अडाप्टर लावून कूलरचा दोन पिनी टॉप खोचतात आणि पत्र्याच्या बॉडीचं अर्थ तिथेच सुटतं. कूलरला थ्री-पिन टॉप, हिरवी वायर बॉडीच्या पत्र्याला रंग खरवडून स्क्रूने, त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पाणी भरताना, पंप काढताना स्विच बंद करून भागत नाही. टॉप काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवा.